लॉरीचा तंग

सकाळी आठाच्या सुमारास मानाजीराव पायी परत आला, की लॉरी पुन्हा वाटेत उकळली असे समजावे. तीन आठवड्यांत हे तीनदा झाले होते. पहाटे लॉरी पागेतून बाहेर पडे, हुणसूरच्या रस्त्याला लागे, आणि पहिल्या मोठ्या चढाला तिच्या तोंडातून वाफेचा लोट उठे. मग मानाजी टोपी हातात घेऊन, तोंडाला काजळी फासलेल्या अवस्थेत दारात उभा राही, आणि भाड्याचे बैल जाऊन लॉरीला ओढून आणीत. बैलांमागून येणारी ती मोटार पाहायला सगळा लष्कर मोहल्ला दाराशी लोटे. तेवढा वेळ मानाजीची आई गोदावरीबाई देवघरात जाऊन बसत. त्या घरातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या घोड्यावर बसून बाहेर पडली होती; बैलांच्या शेपटीमागून आजवर कोणी घरी आले नव्हते.

लॉरी बेंगळूरच्या छावणीतल्या लिलावातली. महायुद्ध संपले, आणि लढाईत वापरून झालेल्या गाड्या सरकारने मिळेल त्याला देऊन टाकल्या, त्यांतली ही एक. पुढचा एक दिवा नाही, लाकडी चाकांचे आरे खिळखिळे, आणि मागच्या फळ्यांवर कोणा शिपायाने चाकूने कोरलेली नावे. मानाजीने रेल्वेच्या कारखान्यात सहा वर्षे पाना धरला होता. त्याने ती घराच्या पागेत उभी केली आणि दोन महिने खपून तिला बोलती केली. त्या जागी पूर्वी तुळसी घोडी बांधलेली असे. तुळसी म्हणजे येसाजीरावांची शेवटची घोडी. येसाजीराव, म्हणजे मानाजीचे वडील, महाराजांच्या रिसाल्यात दफेदार होते. त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षे झाली, घोडी जाऊन चार. तरी पहाटे साडेचारला ते उठत, पागेत जात, आणि करण्यासारखे काही नाही हे पाहून परत येत.

लॉरी आली आणि म्हाताऱ्याला काम सापडले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला खरारा करावा तशी तेल लावून पुसून काढली. पुढे एकदा तापलेल्या इंजिनावर त्यांनी कळशीभर गार पाणी ओतले, आणि आत काहीतरी तडकल्याचा आवाज झाला. मानाजी धावत आला. शेजारचे चार जण भिंतीवरून पाहत होते. त्या सर्वांदेखत मुलगा बापाला म्हणाला, "आबा, हे जनावर नाही. आजपासून लॉरीला हात लावायचा नाही."

येसाजीरावांनी कळशी खाली ठेवली, मिशीवरून एकदा हात फिरवला आणि ते ओसरीवर जाऊन बसले. तेव्हापासून ते दिवसा पागेत पाऊल टाकीत नसत. मात्र लॉरी पहाटे निघाली, की ओसरीवरून एकच प्रश्न विचारीत, "तंग आवळलास का रे?"

खोगीर घोड्याच्या पाठीवर घट्ट बसावे म्हणून पोटाखालून जो पट्टा आवळतात, तो तंग. पहिल्या दिवशी मानाजी हसला. दुसऱ्या वेळी त्याने पाठ फिरवली. तिसऱ्या वेळी त्याने इंजिन चालू करायचे हँडल इतक्या जोराने फिरवले, की ते उलटून त्याच्या मनगटाला लागले. गोदावरीबाईंना भीती वाटू लागली ती निराळीच. दफेदारांचे वय सत्तरीला टेकले होते. पागेत काय उभे आहे याचे भान सुटत चालले की काय? मग प्रश्न ओठावर येताच त्या आतूनच म्हणत, "सुम्ने बसा." घरात मराठी, तोंडात निम्मे कन्नड, पण 'गप्प बसा' हे इतक्या गोड आवाजात सांगायला त्यांना मराठी शब्द पुरत नसे.

चौथी खेप शेवटची होती. संतेपेठेतले नरसिंहमूर्ती शेट्टी बेट्टदपुरच्या बाजारासाठी पितळी भांडी आणि कापडाचे गठ्ठे बैलगाड्यांनी पाठवीत. वाटेत तीन दिवस मोडत. शुक्रवारी पहाटे आपण लॉरीत माल भरू, असे त्यांनी मानाजीला सांगितले होते. लॉरी न अडता पोचली तर वर्षभराची ने-आण त्याची. अडली तर माल गाड्यांवर चढेल आणि लॉरीचे नाव पुन्हा काढू नये. आणि लॉरीचे नाव संपले, तर सोमवारी मानाजीने कोलारकडे सोन्याच्या खाणीच्या यंत्रशाळेत हजर व्हायचे होते. तिथून आलेले पत्र देवघराच्या कोनाड्यात होते. मधल्या खोलीत सून नागरत्नाची ट्रंक उघडी पडली होती. तीत रोज एक लुगडे जाई आणि रोज एक बाहेर येई.

ती उघडी ट्रंक गोदावरीबाईंना स्वस्थ बसू देईना. जाता-येता त्या तिचे झाकण लावीत. पुन्हा पाहावे तो ते उघडे. एकुलता मुलगा दीडशे मैलांवर जाणार, आणि घरात उरणार त्या, एक म्हातारा आणि रिकामी पागा. त्यांनी कधी कोणापाशी काही मागितले नव्हते, मुलापाशीही 'राहा' म्हणून मागणार नव्हत्या. पण त्या आठवड्यात त्यांनी तांदूळ दोनदा निवडले आणि निवडलेल्या तांदळात पुन्हा खडे शोधले.

मानाजीने करायचे काही बाकी ठेवले नव्हते. पहिल्यांदा लॉरी उकळली तेव्हा त्याने पुढची पाण्याची टाकी उतरवून तांबटाकडून तिला डाख लावून घेतला. दुसऱ्यांदा सगळ्या नळ्या काढून धुतल्या. पंखा फिरवणारा चामडी पट्टा दर वेळी सैल झालेला दिसे. वाफेने भिजला, ताणला गेला, असे म्हणून तिसऱ्यांदा त्याने चांभाराकडून नवा करवून घेतला. दर वेळी सगळे जागच्या जागी बसवून, पट्टा स्वतःच्या हाताने आवळून तो संध्याकाळी न्हायला जाई. दर वेळी पहाटे निघे. आणि दर वेळी आठाला दारात.

गुरुवारी दिवेलागणीला मानाजी न्हाणीघरात होता. नागरत्नाने ट्रंकेचे कुलूप मागितले. ते पागेतल्या फडताळात होते. आणायला दुसरे कोणी गेले असते, पण गोदावरीबाईंना बसवत नव्हतेच. त्या निघाल्या.

पागेच्या दारातच त्या थबकल्या. लॉरीचे झाकण उघडे होते. येसाजीराव वाकून आत पाहत होते आणि त्यांच्या हातात मानाजीचा पाना होता. त्यांनी सावकाश एक बोल्ट दोन फेरे सोडला, पंख्याच्या पट्ट्याखाली दोन बोटे घालून तो ढिला झाल्याची खात्री केली, पाना खिळ्याला अडकवला आणि झाकण लावून त्यावर तळहाताने दोनदा थोपटले. तुळसीला ते असेच थोपटीत.

"हे काय केलंत?" गोदावरीबाईंनी विचारले.

दफेदार दचकले नाहीत. "तंग सोडला."

"रोज सोडता?"

"दुसऱ्या दिवशी स्वारी असली की आदल्या संध्याकाळी. मानाजी आवळून ठेवतो आणि तसाच निघून जातो. आवळलेलं चामडं रात्रभर ताणात ठेवलं तर मरतं. रिसालदाराच्या घरात वाढलेल्या बाईला हे मी सांगायचं?"

"आणि सकाळी?"

"सकाळी आवळायचा. ज्यानं सोडला त्यानंच आवळायचा, दुसऱ्याच्या हातावर विश्वासायचं नाही; रिसाल्याचा पहिला नियम." मग ते म्हणाले, "पण मला हात लावायची बंदी आहे. चिरंजीव आपले पहाटेच उभे असतात. म्हणून दर वेळी विचारतो. त्याचं तोंड वाकडं, आणि तुझं सुम्ने बसा."

गोदावरीबाईंनी फडताळातले कुलूप घेतले. त्या परत फिरल्या आणि ते नागरत्नाच्या हाती देण्याऐवजी स्वतःच्या कनवटीला खोचून स्वयंपाकघरात बसल्या.

आता त्यांना सगळे लख्ख दिसत होते. पट्टा सैल, म्हणून पंखा फिरत नाही. पंखा फिरत नाही, म्हणून पाणी उकळते. तीन आठवड्यांची पोराची मेहनत दर खेपेच्या आदल्या संध्याकाळी दोन फेऱ्यांत वाया जात होती. मानाजीला आता सांगावे, तर तो बापाला काय बोलेल याचा त्यांना अंदाज होता. कळशीच्या वेळी बोलला त्याच्या दसपट बोलेल, आणि मग खाणीवर निघून जाईल तो कायमचाच. दफेदारांना सांगावे, तर आपल्या हातांनी आपणच मुलाला घराबाहेर काढत होतो, हे त्या माणसाला या वयात कळेल. तिसरी वाट सोपी होती. स्वतः पागेत जावे, गुपचूप बोल्ट आवळावा, कोणाला काही न सांगता शुक्रवार पार पाडावा. तेवढ्यासाठी त्या दोनदा उठल्या आणि दोनदा बसल्या. शुक्रवारचे निभेल, पण वर्षभर दर संध्याकाळी चोरासारखे पागेत कोण जाणार? आणि दर पहाटे ओसरीवरून तो प्रश्न येणार, आणि दर पहाटे त्या एका शहाण्या माणसाला वेड्यात काढणार. चुलीवरचे दूध उतू गेले तेव्हा त्या भानावर आल्या.

शुक्रवारी पहाटे अंगणात माल चढला. पितळी हंडे एकात एक बसवून पेंढ्यात ठेवलेले, वर कापडाचे गठ्ठे. नरसिंहमूर्ती शेट्टी उपरणे सावरीत उभे होते. मानाजीने हँडलला हात घातला, आणि ओसरीवरून नेहमीचा प्रश्न आला, "तंग आवळलास का रे?"

शेट्टींनी चमकून वर पाहिले. मानाजीची मान शरमेने खाली गेली.

तेवढ्यात गोदावरीबाई अंगणात उतरल्या. परक्या पुरुषासमोर त्या अशा कधी येत नसत. शेट्टी अदबीने दोन पावले मागे सरले. डोक्यावरचा पदर ठीक करून त्या म्हणाल्या, "मानाजी, हँडल ठेव खाली. आबांच्या प्रश्नाला एकदा तरी उत्तर दिलंस?"

"आई, आज नको. बेडा. उशीर होतोय."

"झाकण उघड आणि उत्तर दे."

तो आवाज टाळण्यातला नव्हता. मानाजीने झाकण उघडले. पट्टा लोंबत होता. इंजिन थंड, चामडे कोरडे. आज वाफेवर बोट दाखवता येत नव्हते. त्याने पट्ट्याला हात लावला, पागेच्या दारातून दिसणाऱ्या खिळ्यावरच्या पान्याकडे पाहिले, मग सावकाश ओसरीकडे. त्याच्या कपाळाची शीर उभी राहिली. आता तो जे बोलेल ते परत घेता येणार नाही, हे ओळखून गोदावरीबाई त्याच्या आणि ओसरीच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"ज्यानं तंग सोडला त्यानंच आवळायचा, असा रिसाल्याचा नियम आहे," त्या म्हणाल्या. "चामडं जगावं म्हणून संध्याकाळी सोडणं त्यांचं काम. सकाळी आवळणंही त्यांचंच. ते काम तू काढून घेतलंस. ते दर वेळी विचारून आठवण देत होते, ती तू ऐकली नाहीस. मीही ऐकली नाही. त्यांना गप्प बसवत होते ती मी. आता बोल, कोणाला काय बोलायचं आहे ते."

येसाजीराव ओसरीच्या खांबाला धरून उठले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. इतका वेळ त्यांना जे कळले नव्हते ते त्या क्षणी कळले. "म्हणजे बैल आणावे लागले ते..." एवढेच ते म्हणाले.

मानाजीने पट्ट्यावरचा हात काढला. मग तो पागेत गेला, पाना खिळ्यावरून काढला आणि ओसरीपाशी जाऊन बापापुढे धरला. "आबा," तो म्हणाला, "किती आवळायचा ते दाखवा."

दफेदारांनी लॉरीपाशी येऊन बोल्टवर पाना बसवला. त्यांनी पट्टा ताणला, खाली दोन बोटे घालून पाहिली, आणखी अर्धा फेरा दिला, पुन्हा पाहिले. "एक बोट जावं, दोन जाऊ नयेत," ते शेट्टींना म्हणाले, जणू शेट्टींचीच परीक्षा होती. शेट्टींनी गंभीरपणे "आयतु" म्हटले, म्हणजे ठीक आहे.

"तुम्हीही बसा गाडीत," गोदावरीबाईंनी नवऱ्याला हुकूम सोडला. "वाटेत चामडं ताणेल. दर चार मैलांना पाहायला माणूस हवा."

दफेदार फेटा आणायलाही थांबले नाहीत. तो नागरत्नाने धावत जाऊन चालत्या लॉरीत दिला.

मग घर एकदम रिकामे झाले. गोदावरीबाईंनी अंगण झाडले. ते नागरत्नाने मघाशीच झाडलेले होते. सात वाजले. त्या दाराशी जाऊन आल्या. साडेसातला पुन्हा गेल्या. आठाला रस्त्यावर पावले वाजली, तेव्हा त्या धावत दाराशी गेल्या; दूधवाला होता. मोहल्ल्यातले दोघे-तिघे सवयीने दाराशी येऊन उभे राहिले होते. नऊ झाल्यावर ते कंटाळून आत गेले. दहा वाजता ऊन विहिरीच्या कठड्यावर आले, आणि तरी पायी चालत कोणी आले नाही.

नागरत्ना मधल्या खोलीच्या दारात उभी होती. "आत्याबाई, ट्रंकेचं कुलूप?"

गोदावरीबाईंनी कनवटीचे कुलूप चाचपले. चढ मागे पडला असेल. पण पुढे हुणसूर आहे, पिरियापट्टण आहे, परतीची वाट आहे. उद्या संध्याकाळपर्यंत काही खरे नाही.

"आज तरी मिळायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा दाराकडे गेल्या.