लाल बटण ताईंच्या हाताशी

या मंडळी, असे जवळ सरकून बसा. गोष्ट लहान आहे, पण तुमच्या-माझ्या घरातली आहे.

एक होते ड्रॉइंग मास्तर. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत लाकूड कोरणारं यंत्र उभं केलं. चौकट जोडली, तीन मोटारी बसवल्या. कुणासाठी? थोरल्या बहिणीसाठी! ताईंची नजर विझत चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, "थोडं दिसतंय तोवर उठावाची अक्षरं बोटांना शिकवा. फार तर सहा महिने." मास्तरांनी शब्द दिला, "ताई, तसल्या अक्षरांच्या पाट्या मी करतो!"

त्यातले चार महिने सरले. पाटी एकही नाही!

मोटारी चालवायला कॉम्प्युटरवर कोणता प्रोग्राम घ्यावा आणि दोघांच्या मधे कोणतं कार्ड जोडावं, इथेच घोडं अडलं. मास्तरांनी इंटरनेटवर विचारलं. एकाने सुचवलं ते दुसऱ्याने मोडीत काढलं. वहीत कार्डांची आणि प्रोग्रामांची चौदा नावं झाली. अकरा खोडली, दुसऱ्या दिवशी सहा परत लिहिली. शेवटी डोळे मिटून एक कार्ड मागवलं. ते निघालं जुन्या कॉम्प्युटरच्या प्रिंटरच्या रुंद खाचेत बसणारं, आणि लॅपटॉपला तसली खाचच नाही! मग मधली जोडवायर आणली. मोटारी नुसत्या गुरगुरल्या, जागच्या हलल्या नाहीत.

भिंत चाचपत ताई दारात आल्या. "काय रे, कोण गुरगुरतंय?"

"ताई, तू आत बस बघू. दिसायचं नाही, उगाच हात लावशील."

"दिसत नाही म्हणून कळतही नाही का रे मला?"

तीस वर्षं ताईंनी लिफ्टच्या कारखान्यात पॅनेलच्या वायरी जोडल्या होत्या. घरात ते सगळेच विसरले होते. मास्तरही!

ताईंनी कार्ड हातात घेतलं, कडेने बोट फिरवलं. "यात ठेका कोण धरतं?"

"म्हणजे?"

"मोटारीला एकसारखे ठोके लागतात. तुझा लॅपटॉप मधेच टपाल बघतो, मधेच घड्याळ लावतो. त्यात ही जोडवायर, ठोके वेळेवर पोचणार कसे? गाणाऱ्यानेच ठेका धरायचा नसतो, शहाण्या! स्वतःचा मेंदू असलेलं कार्ड घे. लॅपटॉपने नुसतं काय कोरायचं ते सांगावं."

"आणि प्रोग्राम?"

"त्या कार्डाशी जुळेल तो. कमीत कमी गुंतागुंतीचा. बरं, थांबवायचं कशाने?"

"स्क्रीनवर लाल बटण आहे की."

"ते मला दिसेल?"

"तुला कशाला? चालवणार मी."

"पाट्या माझ्या आणि चालवणार तू? बटण हाताला लागलं पाहिजे, दाबलं की वीजच तुटली पाहिजे. अक्षरं मी कोरणार!"

अरेरे! अनोळखी माणसांना विचारून चौदा नावं वहीत उतरवली, आणि जिच्यासाठी हा खटाटोप, तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं! मास्तर म्हणाले, "ताई, चुकलं माझं."

"चुकलं ते चुकलं. आता वही मीट आणि पेचकस दे."

आठवड्याने नवं कार्ड आलं. चालत्या यंत्रात बोट जाऊ नये म्हणून वर काचेची पेटी चढली. टेबलाच्या कडेला मुठीएवढं लाल बटण बसलं. ताईंनी ते आधी तीनदा दाबून पाहिलं. तिन्ही वेळा यंत्र जागच्या जागी थांबलं. चौथ्यांदा नुसता तळवा बटणावर ठेवून म्हणाल्या, "चालू दे!"

मोटारी सुरात लागल्या. भुसा उडाला, आणि लाकडात उठावाचा 'अ' उभा राहिला. यंत्र थांबवून, पेटी उघडून ताईंनी त्यावर सावकाश बोट फिरवलं.

"उठाव कमी पडला."

आणि मास्तर, मंडळी, चार महिन्यांत पहिल्यांदा म्हणाले, "किती वाढवू? तू सांग."

मंडळी, देवाने एक दार लोटून घेतलं म्हणून माणूस आतून रिकामा होत नाही. दुसऱ्यासाठी काही करायचं, तर आधी त्यालाच विचारावं. न विचारता केलेली माया कितीही खरी असली, तरी ती माणसाला कोपऱ्यात बसवते!

आता उठा, घरी जा. एवढंच मागणं आहे: तुमच्या घरात "तू बस" म्हणून कुणाला बसवून ठेवलं असेल, तर दाराची कडी काढताना त्या माणसाची आठवण ठेवा, आणि आत जाऊन आधी त्यालाच विचारा.