माशाने ओढलेली साखर

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती, तरी माणसं शिरतच होती. समोर खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, आत एकच मासा, असा निळा की आभाळाने लाजून तोंड लपवावं. जलगुरू सांगत होते, हा प्रवाळाच्या खडकांतून निघाला तो त्यांचा पत्ता विचारत इथवर आला. कुणाला विचारत, हे मात्र कुणी विचारलं नाही.

रोगी खुर्चीत बसे. टाकीचा दिवा बंद होई, वर जाड काळं कापड पडे आणि गुरू लांबलचक पुटपुटत. कापड निघालं की मासा पांढराफटक. रोग ओढला. दिवा लागला की हळूहळू पुन्हा निळा. रोग जळाला. लोक ढसाढसा रडत.

दातांची डॉक्टरीण मागे उभी राहून धुमसत होती. पुढच्या रांगेत तिचा धाकटा भाऊ बसला होता. माशाने साखर ओढल्यापासून त्याने इन्सुलिनला हात लावला नव्हता. मघाशी दारात तो "ताई" म्हणाला आणि त्याच्या तोंडाला सडक्या फळांचा भपकारा आला. जन्मभर लोकांच्या तोंडात डोकावलेली बाई ती. इन्सुलिन सुटलं की असा वास येतो आणि मग जिवावर बेततं, हे तिला ठाऊक होतं. दवाखान्यात चल म्हणून तिने हात धरला, तो त्याने झटकला. साखर जळताना वास येणारच, असं गुरूंनी सांगितलं होतं.

गुरू खायला आत गेले. ती तरातरा पुढे आली. दारातल्या गुरूंच्या चपला खुर्चीत ठेवल्या, दिवा बंद केला, कापड टाकलं. सेवेकरी धावले, पण गर्दीलाच आता गंमत बघायची होती. लोकांनी सेवेकऱ्यांना हलू दिलं नाही.

गुरू तोंड पुसत बाहेर आले, तेव्हा ती कापड काढत होती. मासा पांढराफटक.

"तुमच्या गुरूंच्या चपलांना शुगर होती," ती म्हणाली.

"चपलांत भक्तांचं दुःख साठतं, बाई," गुरू म्हणाले आणि अर्ध्या हॉलने माना डोलावल्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने चपला खाली भिरकावल्या.

"मग आता रिकाम्या खुर्चीवर करू."

गुरूंनी झडप घालून कापड उचललं आणि छातीशी धरलं. मासा थकलाय म्हणाले.

ती भावाकडे वळली. "माझ्या घरी असाच मासा आहे. काच तूच पुसतोस ना?"

"हो. पण तो कधी पांढरा..."

"तू येतोस संध्याकाळी, दिवे लागल्यावर. रोज पहाटे तो असाच असतो. अंधार झाला की हा मासा फिका पडतो, उजेडात रंग परत येतो. तुझा रोग तुझ्या अंगातच आहे, गाढवा. ऊठ."

तो उठला, पण पाय लटपटले. मघाशी माना डोलावणाऱ्यांनीच त्याला उचलून गाडीत घातलं. आणखी उशीर झाला असता तर हात टेकावे लागले असते, असं दवाखान्यात सांगितलं.

बरा झाल्यावर एका पहाटे तो ताईकडे आला. अंधारात टाकीसमोर बसला, पांढरा मासा पाहिला आणि दिवा लावला. रंग भरेपर्यंत तो मान खाली घालून होता. मग त्याने खिशातून इन्सुलिनची सुई काढली.

जलगुरू आता दुसऱ्या गावात दुसरा मासा घेऊन बसले असतील. तुमचं औषध सोडवायला कुणी आलाच, तर पाया पडण्याआधी एवढंच विचारा: कापड कशाला?