गाव कुठलं?

कादंबरी डोंबिवलीत जन्मली, डोंबिवलीतच शिकली आणि लग्न करून पूर्वेकडून पश्चिमेला आली, एवढाच काय तो तिचा प्रवास. तरी कोणी गाव विचारलं की ती बेधडक राजापूर सांगायची. राजापुरात तिचं आता होतं काय? एक सामाईक फणस आणि त्यावरून एकमेकांशी बोलणं टाकलेले दोन काका. पण आपल्याकडे राहतो तिथलं नाव सांगितलं तर समोरच्याचं समाधान होतं कुठे? तो लगेच विचारतो, "ते झालं हो, पण मूळ गाव?"

पाळणाघरातल्या मुलांना मात्र तिनं हा रिवाज शिकवला नाही, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

डोंबिवलीला लागूनच असलेल्या कोपरला नव्या टॉवरांच्या मागे एका पत्र्याच्या शेडमध्ये ती बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांचं पाळणाघर चालवायची. स्थलांतरित मजुरांसाठीचं सरकारी अनुदान मिळत होतं, म्हणून रोज खिचडी शिजत होती. कुणी परभणीकडचं, कुणी कलबुर्गीचं, कुणी थेट झारखंडचं. शेजारच्या सोसायटीतली पोरं या मुलांना "ए बाहेरगाव" म्हणून हाका मारायची. त्याचा कादंबरीला असा काही संताप आला की एक दिवस तिनं सगळ्यांना समोर बसवून पढवलं, "कोणी विचारलं गाव कुठलं, तर छाती काढून सांगायचं, कोपर!" पोरांना तो खेळच झाला. सहा वर्षांची दुर्गी तर झोपेतसुद्धा कोपर म्हणून ओरडते, असं तिची आई सखुबाई कौतुकानं सांगायची.

मग ठाण्याच्या कार्यालयातून संचिता मॅडम तपासणीला आल्या. भल्या बाई होत्या. त्यांनी खिचडी चाखली, पाळण्यातल्या पोरांचे गाल ओढले, आणि दुर्गीला जवळ घेऊन आपण कुठल्याही मुलाला विचारतो तसं सहज विचारलं, "गाव कुठलं गं तुझं?"

"कोपर!" दुर्गीच काय, अख्खी शेड ओरडली.

मॅडम हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "ताई, योजना स्थलांतरितांची आहे. ही तर सगळी इथलीच निघाली."

"अहो मॅडम, मीच शिकवलंय तसं! ती जिंतूरची आहे, परभणीकडची."

"असेल हो. पण लोकल मुलं दाखवून अनुदान उचलतात अशी आधीच वर ओरड आहे. आणि यांनी व्हिडिओ पण काढलाय." त्यांनी सोबतच्या साहेबांकडे बोट दाखवलं. "सोमवारी परत येते. मुलं नीट बोलली तर ठीक, नाहीतर माझ्या हातात काही नाही."

संध्याकाळी सखुबाईनं हे ऐकलं आणि ती धाकट्याला कडेवर घेऊन म्हणाली, "बाई, हे बंद नका पडू देऊ. धाकट्याला परत परांचीच्या बांबूला बांधावं लागंल मला." ती उगाच बोलत नव्हती. पोरगं नवीन आलं तेव्हा जुन्या साडीनं बांधल्याचा वळ त्याच्या कमरेवर कादंबरीनं स्वतः पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं मुलांना पुन्हा समोर बसवलं.

"दुर्गे, तुझं गाव कुठलं?"

"कोपर!"

"नाही गं. जिंतूर."

"जिंतूर कुठंय?"

"तुझं घर आहे ना, तिथं."

"माझं घर हितं हाय." दुर्गीनं पत्र्याच्या भिंतीपलीकडे बोट दाखवलं.

"अगं, ते झालं, पण मूळ गाव?" कादंबरी वैतागून म्हणाली आणि आपल्याच तोंडून निघालेलं ऐकून तिला लाज वाटली. पण लाज बाळगून खिचडी शिजत नाही. सोमवारपर्यंत तिनं एकेकाकडून त्याचं गाव घोकून घेतलं. कोणी चुकून कोपर म्हणालं की ती डोळे वटारायची. शेवटी शेवटी पोरं तिच्या चेहऱ्याकडे बघूनच उत्तर द्यायला लागली.

सोमवारी एकही मूल चुकलं नाही. मॅडमनी जाताना कादंबरीचा हात दाबला, "झालं तुमचं काम. चालू राहील." कादंबरीला आनंदानं रडूच फुटलं. तिनं मुलांसाठी शिरा केला, मदतनीस बाईच्या गळ्यात पडली.

मुलांची ताटं शेडमधल्या मांडणीवर असायची, प्रत्येकाची जागा ठरलेली. सुटायच्या वेळी दुर्गी आपलं ताट काखेत मारून दाराशी उभी राहिली.

"अगं, ताट कुठे घेऊन चाललीस?"

"आम्ही हितले नाय ना," दुर्गी म्हणाली. "मग गावाला जाताना राहून गेलं तर?"

सखुबाईनं पोरीच्या पाठीत धपाटा घातला, ताट ओढलं. दुर्गी सोडेना. "राहू दे, राहू दे," कादंबरी म्हणाली. ताट परत मागायला तिला तोंड उरलं नव्हतं.