कमळची मशेरी

कोन गावात लग्न असलं की धवले गायला कमळच लागायची. आगऱ्यांच्या मांडवात धवलारणीनं गाऊन देवांना बोलावल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. आणि मशेरी घासल्याशिवाय आपला गळा मोकळा होत नाही, असं कमळ स्वतःच सांगायची.

२००७ सालच्या वैशाखात गावातल्या केसरीनाथच्या मुलीची हळद होती. कमळ गात होती, लेक क्षितिजा तिच्यामागून म्हणत होती.

"अंगनी पाट गो मांडिला, पाटावं नवरी..."

पुढचा शब्द आलाच नाही. क्षितिजानं वळून पाहिलं. आईचा ओठ एका बाजूला ओघळला होता, भिजून जड झालेल्या पदरासारखा. हातातली हळदीची वाटी कलंडली.

"पंखा बंद करा गो! वारं लागलं हिला!" शेजारची धोंडूबाई ओरडली. बायकांनी कमळचे कान फडक्यानं बांधले. जरा वेळानं ओठ जागेवर आला, शब्द आले.

"नवरी ऱ्हायली बाजूला, तूच लाजलीस कं गो!" धोंडूबाईनं टोमणा मारला. सगळ्या हसल्या. कमळही हसली.

क्षितिजा आईचा ओठच पाहत राहिली. आजी, म्हणजे आईची आई गुणाबाई, अशीच गाता गाता पडली होती आणि पुढं खाटेवर मुकी झिजली. पणजीही तशीच. घरात त्याला वारंच म्हणत. म्हणून ऐन उन्हाळ्यातही खिडक्या बंद, आणि त्या कोंडलेल्या घरात रोज तव्यावर मशेरीसाठी तंबाखू भाजलेली.

तिनं आईला तशीच रिक्षात घातली आणि निजामपुऱ्यातल्या डॉक्टरांकडे आणली.

"वारं नाही, बाई. मेंदूकडं जाणारं रक्त अडलं होतं," प्रेशर पाहून डॉक्टर म्हणाले. "परत कधीही अडेल. आत्ताच्या आत्ता ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, चिठ्ठी देतो. आईला, आजीला होतं हे?"

"दोघींना. मशेरीबी दोघींना," कमळ म्हणाली. "पन रगतातच हाय तं मशेरी सोडून काय व्हनार? यायचं ते येनारच."

"रक्तात आहे म्हणून तर सोडायची. तुम्हाला ती जास्त महागात पडते. मशेरी सोडा, खारं कमी करा, गोळी चुकवू नका. धोका पुसला जाणार नाही, पण कमी होईल."

"गला बसंल माजा." कमळनं तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी क्षितिजाचा हात पुढं घेतला. प्रेशरचा पट्टा फुगला, उतरला, पुन्हा फुगला. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"तूही घासतेस?"

क्षितिजानं मान खाली घातली. लहानपणी दाढ दुखली तेव्हा आईनंच बोटावर मशेरी दिली होती. दाढ पडली, सवय राहिली.

"हिच्यातबी हाय?" मांडवभर घुमणारा कमळचा आवाज आता खुर्चीपलीकडे पोचेना.

"असू शकतं."

ठाण्याहून परतल्यावर कमळनं मशेरीचा तवा खाडीत फेकला. मशेरी सुटल्यानं डोकं ठणकायचं, उगाच भांडी आदळायची. पण उजाडलं की लेकीला दारात उभी करायची.

"तोंड उघड."

क्षितिजा आ करायची. कमळ जवळ जाऊन वास घ्यायची, पुन्हा एकदा घ्यायची.

"न्हाय ना गो घासलीस?"

"न्हाय, आये. आता तू हस."

कमळ हसायची. क्षितिजा त्या हसण्याची दोन्ही टोकं निरखत राहायची. सरळ होती, की डावं किंचित खाली?

"आनखी एकदा, आये," ती म्हणायची. "आनखी एकदा हस."