तीन सिलिंडरवर मंद्रूप

"ज्या लोखंडानं माणूस खाल्लं, ते दारात आणू नये," सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. "आई, त्या ड्रायव्हरला लोखंडानं नाही, दारूनं खाल्लं." आजही माझं उत्तर तेच आहे.

ते इंजिन त्या ड्रायव्हरच्या उलटलेल्या फोर्ड लॉरीतलं, भंगारात पडलेलं. आमच्या परसात मामंजींची जुनी फोर्ड उभी होती. त्यांच्या मागं कोणीतरी ती पाण्यावाचून चालवली आणि तिचं इंजिन कामातून गेलं. तेव्हापासून तिच्या गादीवर दर साल मांजर व्यायचं. त्याचा विटाळ कोणी मानला नाही.

मला ती गाडी बजाबाईसाठी हवी होती. मंद्रूपची आमची जमीन ती आणि तिचा नवरा जोतीराम कसतात. तिची आधीची दोन्ही बाळं सोलापूरच्या वाटेवर बैलगाडीतच गेली. अडलेल्या बाईला उतारू नेणारी सर्व्हिस मोटार घेत नाही. गाडी बाटते म्हणे. तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा मी शब्द दिला, "या खेपेला मोटार येईल."

रुद्रप्पा मिस्त्रीनं कडुलिंबाला साखळी टांगून इंजिन चढवलं. माझ्या तान्ह्या बाळाची झोळी मी दुसऱ्या झाडाला बांधली. हे म्हणाले, "अगं, इथे सावली दाट आहे." म्हटलं, "साखळी तुटली तर?"

व्हॉल्व्ह मी स्वतः घासले. पेस्ट लावायची, अर्धा वळसा इकडं, अर्धा तिकडं. मग वरून रॉकेल ओतून बघत बसायचं. खाली थेंब पाझरला की पुन्हा घासायचं.

"बास की अक्का!" रुद्रप्पा वैतागला. "आता त्यातनं भूत बी पळायचं न्हाय. कालिजात हेच शिकिवत्यात व्हय?"

"कॉलेजात नुसतं तत्त्व शिकवतात. हात इथं काळे होतात."

झोपलेल्या लेकराच्या नाकाशी बोट धरून बघणारी मी. भंगारातल्या इंजिनावर एका तपासणीत कशी विसंबणार?

शेवटी रुद्रप्पानं हँडल मारलं. इंजिन खोकलं, शिंकलं आणि चालू लागलं. गल्लीतली पोरं ओरडली. चांगलं तापेपर्यंत चालवून त्यानं ते बंद केलं. मी झोळीकडं वळले, तेवढ्यात सासूबाई गडवा घेऊन आल्या. सिद्धेश्वराच्या तळ्याचं पाणी. मेलेल्याचं सुतक धुवायला. तीर्थ म्हटल्यावर रुद्रप्पानंही डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले. पाणी थेट तापल्या इंजिनावर पडलं.

टच्च!

ठिणगी पाडणाऱ्या एका प्लगची चिनीमाती उभी तडकली. असला प्लग मुंबईहून यायचा. सासूबाई गडवा धरून तशाच उभ्या. "बघ, लोखंडाला तीर्थसुद्धा मानवलं नाही," त्या म्हणाल्या, पण आवाज पडला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सर्व्हिस मोटारीनं जोतीराम आला. "वैनीसाब, कळा सुरू झाल्यात. दाई म्हनती, आडवं हाय."

हे कचेरीत होते. मी रुद्रप्पाला बोलावणं धाडलं. तो आला आणि डोकं खाजवत म्हणाला, "चौथा सिलिंडर मेलाय, अक्का. तिनावर जाईल. पर लंगडंल लई."

"लंगडू दे."

"आणि लेकरू?" सासूबाईंनी विचारलं. मी बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. "दूध कोमट द्या. पालथा झोपला तर—"

"तुझा नवरा कुणी वाढवला गं? जा."

गाडी उचकी लागल्यासारखी हिसके देत निघाली. सीना नदीपलीकडच्या चढावर जोतीराम आणि मी उतरून ढकलत होतो. एक गाडीवान हसला, "बाई, बैल जोडा की!" म्हटलं, "तुमचे बैल दमतील."

बजाबाईला मागच्या गादीवर निजवलं. परतताना उताराला गाडी हलकी पळाली. जकात नाक्यावर कारकून आडवा आला, "आत काय माल?"

"जिता माल हाय, सायेब," रुद्रप्पा म्हणाला. "अजून बांधलेलाच हाय. पावती दवाखान्यात फाडा!"

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी पोटातलं मूल फिरवलं. मुलगी झाली. निळसर होती, उलटी धरून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा कुठं रडली. जोतीराम भिंतीला टेकून खालीच बसला.

घरी सासूबाईंनी निकाल दिला, "गादी बाटली. दहा दिवस गाडी बाहेर काढायची नाही."

"सोयर बजाबाईच्या घरी आहे, आई. फोर्डला कुणी मूल झालेलं नाही."

सकाळी सगळी गल्ली बघत असताना मी तीच गाडी, त्याच गादीसकट बाहेर काढली. स्टिअरिंगच्या चाकापुढं मीच बसले होते. शेजारच्या काकूंनी दार लावून घेतलं. मी भोंगा वाजवला.

दवाखान्यात बजाबाई लेकीला पाजत होती. ती म्हणाली, "वैनी, माजी धाकली भन मोडनिंबला दिलीया, सोजरबाई. तिला आटवा म्हैना हाय. पाय सुजल्यात म्हनं. सासरची मानसं दावत न्हाईत कुनाला." बाळंतपणाआधीची सूज जिवावर बेतते; मी मोडनिंबला दोन निरोप धाडले, उत्तर नाही. नवा प्लग मुंबईहून येईपर्यंत मोडनिंबच्या लांब रस्त्याला गाडी घालण्यात अर्थ नाही. आला की मी निघणारच, कोणी काही म्हणो. पण हे वाचणारं तुमच्यापैकी कोणी त्या बाजूचं असेल तर प्लगची वाट बघू नका. तिच्या सासरचं, बिरप्पा लोहाराचं घर विचारा, आत जा, सोजरबाईचे पाय बघा. तिला भेटल्याशिवाय उंबऱ्यावरून परत फिरू नका.