रडणारी कुईका

पडद्यावर एक आई मेलेल्या मुलाच्या शर्टांच्या घड्या घालत होती, आणि मादुरेरा वस्तीतल्या सांबा मंडळाचं सभागृह खो खो हसत होतं.

मागच्या भिंतीला टेकून दाल्विना उभी होती. संगीत तिचं होतं. आयुष्यभर कार्निव्हलमध्ये तालवाद्यं बडवल्यावर पन्नाशीला तिला हा पहिला चित्रपट मिळाला होता. या प्रसंगासाठी तिनं सांब्याचा ठेका ओळखू येणार नाही इतका संथ केला, पत्र्याच्या टाकीवर चेलोचा गज ओढून घुमारा काढला, आणि त्यावर एकटी कुईका ठेवली. आतली काडी ओल्या फडक्यानं चोळली की हा ढोल माणसासारखा कण्हतो. पण इथल्या लोकांना कुईका म्हणजे थट्टा. सिनेमात कोणी घसरून पडलं की तीच किंचाळणार. तिचा आवाज आला की हसायचं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं.

सगळ्यांत आधी हसला तो तिचा थोरला भाऊ बेल्मिरो, तिला कुईका शिकवणारा.

दिग्दर्शक एव्हांद्रो पोरसवदा, पण सभ्य होता. त्यानं हळूच सांगितलं, की शनिवारी पुन्हा दाखवायच्या आधी तेवढ्या जागी व्हायोलिनं घालू, बाकी सगळं दाल्विनाताईंचंच राहील. त्या 'बाकी'नं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा प्रसंग गेला तर उरलेलं घेऊन काय करायचं? तिनं शनिवारपर्यंत मुदत मागून घेतली.

घरी तिला चैन पडेना. तिनं कुईकेचा आवाज जाड केला, पातळ केला, उलटा फिरवला, बादलीतल्या पाण्याखालून टिपला. तरी ती मेली कुईका हसतच होती. चुलीवरचा काळा घेवडा करपला तरी तिला पत्ता नाही. शेवटी तणतणत ती भावाच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"दादा, तुला हसायला काय झालं होतं?"

"कुईका वाजली, हसलो."

"त्या पोराचे शर्ट दिसले नाहीत तुला?"

बेल्मिरोचा मुलगा जादिर तापानं गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. त्या घरात त्याचं नाव कोणी काढत नसे.

"दिसले म्हणूनच," बेल्मिरो मान खाली घालून म्हणाला. "एवढ्या माणसांत दुसरं काय करणार होतो? बरं झालं, लगेच संपवलंस. हसलो आणि सुटलो."

दाल्विना घरी आली ती धावतच. तिनं काहीच बदललं नाही, फक्त आवाज लांबवला.

शनिवारी पुन्हा घड्या, पुन्हा कुईका, पुन्हा हशा. एव्हांद्रोनं डोळे मिटून घेतले. पण कुईका थांबली नाही. हसणारे दमले, एकेक करून गप्प झाले, आणि ती कण्हतच राहिली. आता एकटा बेल्मिरो हसत होता. लोक वळून बघू लागले. त्याचे खांदे गदगदत होते, आणि त्याच्या घशातून जे निघत होतं त्याला हसणं कोणी म्हटलं नसतं.

"व्हायोलिनं नकोत," एव्हांद्रो पुटपुटला.

दाल्विनानं ते ऐकलंही नाही. लोकांचे पाय तुडवत ती भावाकडे निघाली होती, आणि जी कुईका राखायला आठवडाभर जिवाचं रान केलं, ती आत्ताच्या आत्ता कोणीतरी बंद करावी एवढंच तिला वाटत होतं.