पालथ्या कढईची तगमग

मित्रांनो, मी एक जुनी बिडाची कढई आहे, आणि मला स्वस्थ बसवत नाही. ओतशाळेतून पंजकंद गावात आणताना मी म्हणे गाडीत सारखी घरंगळत होते. तेव्हापासून मी अख्ख्या गल्लीची सामाईक आहे. भिंत उभी करायची असो की पाटातला गाळ काढायचा असो, घरमालक हशरची, म्हणजे सगळ्यांनी मिळून काम करायची, हाक देतो. गल्ली फावडी घेऊन येते आणि मी त्याच्या अंगणात पुलाव शिजवते. मजुरी कोणी घेत नाही, मात्र जेवण घरमालकाचं, हा शिरस्ता. माझी खरवड खायला पोरं भांडायची.

यंदा मात्र मी चहाखान्याच्या पडवीत पालथी पडून होते. समोरच सनव्बर खालाचं घर. तिचं छप्पर एका बाजूने बसलं होतं आणि त्याखाली ती व अंथरुणाला खिळलेली सासू, दोघीच. डोंगर पांढरे होऊ लागले होते. गल्लीत बर्फ पडला की छप्पर आत येणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

खाला हाक देईना, कारण पुलावाला तांदूळ-मटण आणायचं कुठून? गल्लीही जाईना, कारण न बोलावता फावडं घेऊन जाणं म्हणजे तिची गरिबी तिच्या तोंडावर बोलून दाखवणं. शेजारणी काही हवंय का विचारायच्या, ती काही नको म्हणायची. दोन्हीकडून अब्रू जपली जात होती आणि छप्पर खाली येत होतं. मला पाय असते तर!

शेवटी मेहरंगेझ आली. नर्सिंग शिकणारी, जिभेने तिखट पोरगी. तिने फावड्यांसकट मित्रमैत्रिणी जमवल्या, माझी कोळिष्टकं झाडली आणि मला काठावर उभी करून थेट खालाच्या फाटकापर्यंत घरंगळवत नेलं. मी मुद्दाम एवढी खणखणले की गल्लीची दारं उघडली.

खाला बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता. "मी हशर बोलावलेला नाही."

"हशर कसला, खाला?" मेहरंगेझ म्हणाली. "आम्हाला पुलाव शिकायचाय. घरी आया चुलीला हात लावू देत नाहीत. सामान आणलंय. शिकवता का?"

"आणि ही फावडी?"

"पुलाव मुरेपर्यंत ही पोरं रिकामी बसली तर भांडतील. त्यांना काहीतरी काम द्या."

खालाला सगळं कळलं होतं. ती आत गेली. मला वाटलं, आता दार लावून घेते. ती परत आली तेव्हा तिच्या हातात वाटी होती.

"मीठ माझं," ती म्हणाली. "आणि तो मोठा वासा आधी उतरवा, शहाण्यांनो, नाहीतर डोक्यात घ्याल."

एव्हाना दारं उघडून पाहणारी गल्लीही फावडी घेऊन आली होती. बर्फ पडला तेव्हा छप्पर नवं होतं.

आता मी पुन्हा पडवीत पालथी आहे आणि पुन्हा जीव थाऱ्यावर नाही. मित्रांनो, 'काही नको' म्हणणारं एखादं दार तुमच्याही गल्लीत असेल. हाकेची वाट बघत बसू नका. मला पाय नाहीत, तुम्हाला आहेत.